डावीकडचं हिरवं

देवाच्या दगडाला सुरंगीच्या दोन पाकळ्या चिकटवलेल्या होत्या आणि अख्खा गाव उजव्या पाकळीकडे टक लावून बसला होता. उजवी म्हणजे देवाची उजवी. ती आधी गळली तर देव हो म्हणाला. डावी आधी गळली तर नाही. ह्याला आमच्याकडे कौल लावणं म्हणतात, आणि एकदा कौल झाला की त्यावर कोर्ट नाही, पोलीस नाही, काही नाही.

"सुटली, सुटली," माझ्या मागून कोणीतरी कुजबुजलं.

"खंय सुटली? चाळशी लाव."

"गप रवा रे."

पाकळीची कड दगडापासून उचलली, वळली आणि पाकळी खाली आली. भिवा गुरवाने ती ओंजळीत घेऊन कपाळाला लावली. "उजवो दिल्यान म्हाराजान."

"व्हय म्हाराजा," गाव म्हणाला.

तो दिवसातला पहिला कौल, जत्रेच्या तारखेचा. दुसरा पाटाच्या पाण्याचा, वरच्या वाडीला आधी की खालच्या. तोही उजवाच पडला. तिसरा सवाल आमचा होता. म्हणजे माझ्या आईच्या झाडाचा.

आमच्या अंगणाच्या कडेला सुरंगी होती, माझ्या आज्याच्याही आधीची. शिमग्याच्या आसपास तिच्या जुन्या फांद्यांना कळ्यांचे घोस लगडायचे, फांदीच्या अंगावर पुरळ उठावं तसे. कळी उमलायच्या आत काढायची, दोऱ्यात ओवायची आणि वळेसर करून तालुक्याच्या बाजारात न्यायचे. माझे वडील त्याच झाडावरून पडून गेले. त्यांचं बारावं उरकलं आणि पुढच्याच बाजाराला आई लुगड्याचा कासोटा घट्ट करून स्वतः वर चढली. बाईमाणूस, त्यात नवरा मेलेली, आणि त्यात झाड असं की ज्याच्या पाकळ्या कौलाला जातात. गावाने नाकं मुरडली. पण नाक मुरडण्यापलीकडे कोणी गेलं नाही. मग एक अत्तरवाला व्यापारी आला आणि वाळलेली सुरंगी पोत्यांनी मागायला लागला. त्या वर्षी बाबल गावकाराला अचानक आठवलं की हे झाड देवाचं आहे. देवाचं झालं की त्याचा दरसाल लिलाव होणार, आणि लिलाव कोण घेणार हे गावातलं शेंबडं पोरही सांगू शकत होतं.

माझी अकरावी त्या झाडावर चालली होती. आमची चूलही. झाड गेलं तर दोन्ही गेलं. एवढं साधं होतं ते.

बाबल गावकार गावातला पहिला मानकरी. देवाला गाऱ्हाणं घालायचं ते त्याच्या तोंडाने. त्याच्या बापाने घातलं, आज्याने घातलं. लोक म्हणायचे, गावकाराच्या जिभेर देव बसता. कारण त्या घराण्याने घातलेला सवाल कधी डावा पडला असं कोणाच्या आठवणीत नव्हतं. उंच, पिंगट डोळ्यांचा माणूस. तो खोटारडा होता असं मी म्हणणार नाही. त्याला खरंच वाटायचं की देव त्याचं ऐकतो. असला माणूस खोटारड्यापेक्षा वाईट.

दुसरा कौल झाल्यावर भिवा तांब्या भरायला ओढ्यावर गेला. पुरुषांत चहाची किटली फिरली. आम्ही बायका देवळाच्या उंबऱ्याच्या बाहेर. माझ्या एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला झाडू घेऊन येसू. येसू ही गावकाराची धाकटी भावजय. ती लग्न होऊन आली, मुलगा झाला, आणि त्याच वर्षी गावातली गुरं पटापट मेली. गावकाराने कौल लावला, हिचा पायगुण वाईट आहे काय म्हणून. कौल उजवा पडला. तान्हं पोर ठेवून घेतलं आणि हिला बाहेर काढलं. नवरा मुंबईला पळाला तो पळालाच. माहेराने दार उघडलं नाही. तेव्हापासून ती राखण्याच्या, म्हणजे ह्या देवाच्या, रायीच्या तोंडाशी खोपीत राहायची आणि देवाचं अंगण झाडायची. ज्या देवाने हाकललं त्याचंच. तिचा मुलगा दिगू समोर पुरुषांत बसला होता, काकीलाच आवस, म्हणजे आई, मानत वाढलेला, मिसरूड फुटून वर्षं झालेला बाप्या. तिच्याकडे तो कधी बघायचा नाही. ती सारखी बघायची.

मी दगडाकडे बघत होते. राखणदार देव म्हणजे कमरेएवढा काळा दगड. मागे जांभ्याची दरड, वर नळ्यांचं छप्पर, समोर दोन समया. एक गोष्ट मला खटकली होती. उजवी पाकळी दोन्ही वेळा आपसूक पडली. पण कौल झाल्यावर डावी पाकळी काढताना भिवाला ती नखाने सोडवावी लागली. दोन्ही वेळा.

मी उंबऱ्यावर ओणवी झाले.

"बाये, आत नको जाव," येसू म्हणाली.

"जातंय खंय? बघतंय."

देवाच्या डाव्या अंगाला, मागच्या दरडीतून पाण्याचा पाझर उतरत होता. बोटभर रुंद, पण बारमाही. आणि ती अख्खी बाजू हिरवी होती. शेवाळ, आम्ही म्हणायचो. हिरवं आणि ओलं दिसलं की आमच्याकडे शेवाळच. पण हे शेवाळ नव्हतं. नखाएवढ्या चपट्या पात्या, टोकाला दोन-दोन फाटे फुटलेल्या, दगडाला कातड्यासारख्या घट्ट. पात्यांच्या पाठीवर बारीक पेले. पेल्यांत हिरव्या टिकल्या.

मी आणखी वाकून पुन्हा बघितलं.

आमच्या कॉलेजातल्या सरांनी फळ्याच्या मधोमध रेघ मारून तुलना लिहून दिली होती. एकीकडे मर्केंशिया, दुसरीकडे सपुष्प वृक्ष. मर्केंशियाला मूळ नाही, खोड नाही, पाणी वर नेणाऱ्या नळ्या नाहीत, फूल नाही, बी नाही. वृक्षाला हे सगळं आहे. आम्ही ते नाही-नाही-नाही पाठ केलं. चाचणीत मी वृक्ष म्हणून सुरंगी लिहिली तर सरांनी ती खोडून आंबा केला. मर्केंशिया डोळ्यांनी कोणीच पाहिली नव्हती. सरांनीही नसावी. पुस्तकातल्या चित्रात ती पानभर होती म्हणून मला ती केळीच्या पानाएवढी वाटायची. आणि ती इथे, माझ्या गावात, माझ्या देवाच्या बरगडीला चिकटलेली. मर्केंशिया नसेल तर तिची सख्खी बहीण. पेले बघितल्यावर मला शंका राहिली नाही.

तिला मूळ नाही म्हणून ती अंगानेच पाणी पिते. आणि अंगातच धरून ठेवते. सुरंगीची पाकळी तिच्यावर बसली की वाळणार कशी? वाळली नाही तर सुटणार कशी? उजवीकडे उघडा दगड, समोर समईची धग. तिथली पाकळी पडणारच. आज पडणार, उद्या पडणार, कोणी काहीही विचारलं तरी पडणार.

मी मागे सरकले आणि आईच्या कानाला लागले. "आये, ह्यो देव डावो देवचोच नाय."

"काय?"

"उजवी पाकळी सुक्या दगडार लायतत. डावी त्या हिरव्यार. ता वला आसा. थयली पाकळी सुकणाच नाय."

"देवाच्या दगडाक नावा ठेव नको."

"देवाक नाय ठेवणय. शेवाळाचा सांगतंय. गावकार म्हणतलो झाड देवाचा, आणि उजवी पडतली. तेना झाड तुझा म्हटला असता तरी उजवीच पडली असती."

आईने पुरुषांकडे एक नजर टाकली. मी म्हटलं, "मी जावन खरवडून टाकतंय."

तिने माझं मनगट धरलं. झाडावर चढणाऱ्या बाईची पकड. "दगडाक हात लावलंस तर हाडा मोडतीत तुझी. बस खाली."

"मगे बघत रवायचा?"

ती दगडाकडे बघत राहिली. भिवा तांब्या घेऊन परत आला तरी बघत राहिली. मग माझ्याकडे न वळता म्हणाली, "कोणी कायव इचारल्यान तरी उजवोच?"

"उजवोच."

"तुझ्या बुकात हा ता?"

"बुकात शेवाळ आसा. देव नाय."

"मगे ठीक," आई म्हणाली.

येसूचा झाडू थांबला होता. तेव्हा मला ते दिसलं, पण मी लक्ष दिलं नाही.

भिवाने नव्या पाकळ्या ओल्या करून लावल्या. आमच्याच झाडाच्या पाकळ्या, सकाळी आईनेच आणून दिलेल्या. गावकार पुढे झाला, डोक्यावरचा रुमाल सारखा केला आणि गाऱ्हाणं घातलं. "बा देवा राखण्या म्हाराजा, तुझ्या सुरंगीच्या झाडार बाईमाणूस चढता, तुझी फुला इटाळता. गाव तुझ्याकडे न्याय मागता. झाड तुझा आसात तर उजवो कौल दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

फार वेळ लागला नाही. उजवी पडली.

"उजवो दिल्यान."

लोक उठायला लागले. कोणी आईकडे बघितलं नाही. मेलेल्या माणसाच्या घरातून निघताना लोक जसे चपला शोधतात, तसे सगळे चपला शोधत होते. गावकार हात जोडून दगडाला म्हणाला, "झाला. उद्यापासून भामीन झाडाक हात लावचो नाय."

आई उभी राहिली. "गावकारानू, माका उलटो कौल होयो."

"काय होया?"

"उलटो कौल. तोच सवाल, उलटो करून."

"देवाचो इस्वास नाय तुका?"

"आसा म्हणान तर परत इचारतंय."

पुरुषांत हशा झाला. "भामी देवाकडे जामीन मागता," कोणीतरी म्हणालं. गावकार हसला नाही. तो भिवाकडे वळला. "काय रे? असा काय आसा काय?"

भिवा म्हातारा होता आणि गावकाराच्या घरचा भात खाऊन होता. त्याने आधी हातातला तांब्या खाली ठेवला. "आसा," तो म्हणाला. "माझ्या आज्याच्या काळात मागीत. मगे कोणी मागूक नाय."

"पण बायलमाणसान?"

"माणसान मागूचो, येवढाच माका म्हायत. बायल की दादलो ता कोणी सांगूक नाय."

आता गावकार हसला. देवाची खात्री असलेला माणूस हसतो तसा. "लाव तर रे पाकळ्यो. देव दोनदा बोलात. भामे, ऐकान मगे घराक जा." तो पुढे व्हायला लागला.

"सवाल मी घालतलंय," आई म्हणाली.

"काय?"

"झाड माझा, सवाल माझो. तोंड तुमचा कित्याक?"

चपला शोधणारे थांबले. गावकार एक पाऊल तिच्याकडे आला. पण अख्खं गाव ऐकत होतं आणि त्याला देवाची खात्री होती. तो बाजूला झाला, आणि भिवाने नव्या पाकळ्या लावल्या.

आई उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. तिला गाऱ्हाणं घालता येत नव्हतं, कोणी शिकवलंच नव्हतं. ती म्हणाली, "म्हाराजा, झाड माझा आसात तर उजवो दी." बस.

"व्हय म्हाराजा," कोणी म्हटलं नाही. मग एक आवाज आला, बारीक. येसूचा. दिगूने झटकन मान वळवून बघितलं आणि पुन्हा पुढे फिरवली.

आम्ही वाट बघायला लागलो. ऊन कलंडलं होतं, रायीत गारवा उतरत होता. समईची वात काजळली होती आणि भिवाला ती पुढे सारायचं सुचत नव्हतं. मी मनात म्हणत होते, सुक रांडे सुक. पाकळी हलली नाही. मला पहिल्यांदाच भीती वाटली. मी काय पाहिलं होतं? पुस्तकातलं एक चित्र आणि दगडावरचं थोडं हिरवं. सरांनीही न पाहिलेली गोष्ट मी एका नजरेत ओळखली म्हणत होते, आणि त्यावर माझ्या आईने अख्ख्या गावासमोर तोंड उघडलं होतं.

डावी पाकळी सरकली.

"डावी," गर्दीतून कोणीतरी म्हणालं, आणि लोक पुढे झुकले. पाझराचा एक थेंब वरून उतरला होता, पाकळीला घेऊन दोन बोटं खाली आला आणि एका पेल्याच्या कडेला अडकला. पाकळी तिथेच राहिली. आईचा हात माझ्या खांद्यावर होता. तिची बोटं माझ्या हाडात शिरली होती.

मग उजवी पडली. एकदम, कोणी टिचकी मारल्यासारखी.

भिवाने ती उचलली नाही. तो नुसता बघत राहिला.

"ह्या कसा?" मागून कोणी म्हणालं. "देवाचा म्हणताव तरी उजवो, भामीचा म्हणताव तरी उजवो?"

"देव खुळावलो काय?"

"देव नाय खुळावणा. हिना काय तरी केल्यान." हा आवाज गावकाराचा नव्हता. "करणी केल्यान. पाकळ्यो हिनाच हाडल्यान. दादलो खाल्ल्यान, आता देवाक—"

एकाने आईचा दंड धरला. दुसऱ्याने पदर ओढला. मी काही विचार केला नाही. उंबरा ओलांडला, दगडापर्यंत गेले आणि त्या हिरव्यावर तळवा टेकला. गार होतं. सगळे जागच्या जागी थिजले. देवाच्या दगडाला बाईचा हात लागलेला त्यांच्यापैकी कोणी पाहिला नव्हता.

"करणी हय आसा," मी म्हटलं. "बघूची तर येवा."

"भायर हो, चेडवा," भिवा म्हणाला, पण हळू.

"भिवाकाका, पाकळ्यो दी माका." त्याने दिल्या नाहीत, मी ताटातून घेतल्या. दोन उजवीकडे लावल्या, सुक्या दगडावर. दोन डावीकडे. समईची वात मीच पुढे केली. "आता थांबा. कोणी काय बोलू नको. सवाल नको, गाऱ्हाणा नको, काय नको. नुसते बघा."

थांबले. आईचा दंड धरलेला माणूसही थांबला, दंड न सोडता. उजवीकडची एक पडली. जरा वेळाने दुसरी. डावीकडच्या दोन्ही जिथल्या तिथे.

"ह्या झाड आसा," मी म्हटलं. "सुरंगीसारखीच जितीजागती वनस्पती. ह्येका मूळ नाय, फूल नाय, खोड नाय. म्हणान पाणी अंगात धरून रवता. पाकळी हेच्यार सुकत नाय."

"शेवाळ गो ता," कोणीतरी म्हणालं, आणि एकजण हसलाही.

"शेवाळच. तुमचो न्याय ह्या शेवाळान केलो."

आता कोणी हसलं नाही. गावकार पुढे आला. मला वाटलं मारतोय. त्याने वाकून डावीकडच्या पाकळीला बोट लावलं, मग खालच्या हिरव्याला. पहिल्यांदाच लावलं असणार. ते बोट त्याने धोतराला पुसलं, पुन्हा पुसलं, पुन्हा पुसलं. त्याच्या घराण्याच्या जिभेवरून देव उतरताना मी बघितला. वाईट वाटलं नाही मला. आजही वाटत नाही.

पण तो गावकार होता, आणि त्याचं डोकं माझ्यापेक्षा लवकर चाललं. तो आईजवळ गेला. दंड धरणाऱ्याला म्हणाला, "सोड तिका." मग आवाज खाली आणून, "भामे, झाड तुझा. देवान सांगल्यान, मी मानलंय. अत्तरवालो व्यापारी तुझ्या दारात येतलो, माझ्या नाय. घराक जा. चेडवाक घेवन जा." तो थांबला. "ह्या शेवाळाचा मात्र हयच ऱ्हवांदे. ह्यो हिचो पोरखेळ होतो म्हणान सांग. गावाचा सगळा ह्या दगडार उभा हा. काय?"

मी आईकडे बघितलं. जे हवं होतं ते तिच्यासमोर ठेवलेलं होतं. माझी फी, आमची चूल, सुरंगी, सगळं. फक्त तिने पोरखेळ हा एक शब्द उच्चारायचा. मला ओरडायचं होतं, पण झाडावर चढायची ती. मी नाही.

आई गावकाराकडे बघत नव्हती. ती माझ्या मागे बघत होती. मी वळले. येसू उंबऱ्याच्या आत आली होती. झाडू तिने अंगणातच टाकला होता. ती दगडाच्या डाव्या बाजूकडे बघत होती, पाकळ्या अजून चिकटलेल्या तिकडे.

"ह्या किती वर्सांचा आसात?" तिने मला विचारलं.

मला सांगता आलं नाही. झाड तोडलं तर आत वलयं दिसतात, वय मोजता येतं. ह्याला आत काही नाही. पेल्यातली टिकली पाण्याने वाहून जाते, तिचं पुन्हा तेच रोप होतं, त्याला पुन्हा पेले. नवं कुठलं नि जुनं कुठलं, काही कळत नाही. "पाझर आसा तवापासून असतला," मी म्हटलं.

"मी लगीन होवन इलंय तवा पाझर होतो," येसू म्हणाली. "भांडी घासूक येय मी हय."

"भामे," गावकार म्हणाला, "माझो सवाल तुका हा. बोल."

"बोलतंय," आई म्हणाली. "पण येसूचो नंबर पयलो."

तिने ताटातल्या दोन पाकळ्या उचलल्या आणि येसूच्या हातात दिल्या. झाड गेलं ते त्या क्षणी. तिला माहीत होतं, मलाही होतं.

येसूने आधी पाकळ्या ओच्यात ठेवल्या. नारळाचं सोडण घेतलं आणि दगडाची डावी बाजू खरवडायला लागली. हिरवं चिंध्या-चिंध्या होऊन खाली पडत होतं.

"दिगू," गावकार ओरडला, "तिका भायर काढ."

दिगू उठला. उभा राहिला. आणि तसाच उभा राहिला.

येसूने पदराने दगड पुसला, दोन्ही बाजू, कोरडा होईपर्यंत. पाझराच्या तोंडाशी सोडणाचा बोळा कोंबला. पाकळ्या ओल्या करून एक इकडे, एक तिकडे लावली. मग हात जोडले, आणि तिच्या तोंडून गावकाराचं गाऱ्हाणं बाहेर आलं. वीसेक वर्षांपूर्वीचं, त्याच्याच शब्दांत, त्याच्याच चालीत. "बा देवा राखण्या म्हाराजा, गावाची गुरा मरतत, दावणी मोकळ्यो पडल्यो. ह्या बायलेचो पायगुण गावाक वायट आसात तर उजवो कौल दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," भिवा म्हणाला. एकटाच.

मी दगडाला दगडच म्हणते. दोन पाकळ्या, दोन्ही बाजू सारख्या कोरड्या, समया सारख्या अंतरावर. कुठली आधी पडेल ते वाऱ्यावर. तरी मी मनात डावी, डावी म्हणत होते. गावकाराचे ओठ हलत होते. तो मनातल्या मनात काय मागत होता कोणास ठाऊक. येसू डोळे उघडे ठेवून बघत होती. हाकललं त्या दिवशी तिला बघूही दिलं नव्हतं, तान्ह्याला घेऊन रायीच्या तोंडाशी उभं केलं होतं, तिथवर नुसता आवाज पोचला होता.

रायीतून वाऱ्याची झुळूक आली. दोन्ही पाकळ्या फडफडल्या.

डावी पडली.

"डावो," भिवा म्हणाला. हा शब्द मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. त्यालाही तो नवा होता, नीट उच्चारता आला नाही. लोक एकेक करून उठले आणि कोणाशीही न बोलता गेले. येसूने खाली पडलेलं हिरवं झाडूने गोळा केलं आणि बाहेर टाकलं.

दुसऱ्या दिवशी बाजाराचा वार होता. आम्ही वळेसर घेऊन तालुक्याला गेलो होतो, तेवढ्यात गावकाराच्या माणसांनी सुरंगी तोडली. परत आलो तर ती अंगणात आडवी, कळ्यांसकट, मधमाश्या अजून तिच्याभोवती. मी शिव्या घालत गावकाराच्या घराकडे निघाले. आई म्हणाली, "खंय जातंस? सूप हाड." आणि ती खोडावर बसून कळ्या काढायला लागली. "उद्या सुकतल्यो. वायट घालवूच्यो कित्याक?"

दुपारी येसू आली. न विचारता फांदीपाशी बसली आणि ओंजळीने कळ्या सुपात टाकायला लागली. त्या दिवसापासून ती आमच्याकडेच राहिली. माझं कॉलेज मात्र झाडाबरोबर गेलं. पुढे जे वाचलं ते रद्दीतून आणि उसनं.

चार-पाच दिवसांनी दिगू आला. अंगणात शिरला नाही, दगडी गडग्याच्या पलीकडूनच बोलला. "लाकूड न्हेवक गाडी इली हा. वाटेर फॉरेस्टच्या गार्डान अडवल्यान. इचारता, झाड कोणाचा? मालकान सांगल्याशिवाय लाकूड हलूचा नाय म्हणता."

"माका कित्याक इचारतंस?" आई म्हणाली. "तुझ्या काकाक इचार."

"काकाकडे झाडाचो कागद नाय, तेना तुका इचारूक सांगल्यान."

"मगे देवाक इचार."

दिगू गडग्यावर हात ठेवून उभा राहिला. परत जाईना. येसू दोरा ओवत होती. तिने मान वर केली नाही.

"झाड भामीचा," ती म्हणाली. "जा, सांग थय. काका इचारीत कोणी सांगल्यान, तर आवशीन म्हणान सांग."

दिगूने गडग्यावरचा हात काढला.

"बरा," तो म्हणाला, आणि सांगायला गेला.